फ्रँकलिनची वही

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. भरून आलेलं आभाळ, वर गेलेला पतंग आणि दोऱ्याला बांधलेली किल्ली. ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनी त्याला शंभर डॉलरच्या नोटेवरही पाहिलं असेल. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत तो मॉरल सायन्सच्या तासाला भेटायचा. लवकर उठा, काटकसर करा, वेळ वाया घालवू नका! खरं सांगायचं तर त्यामुळे तो मला अजिबात आवडायचा नाही.

इंजिनिअरिंगला आल्यावर तो परत भेटला. फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये करंट प्लसकडून मायनसकडे दाखवतात आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगतात की इलेक्ट्रॉन मात्र उलटे जातात. या गोंधळाचं मूळ फ्रँकलिनपाशी आहे. विजेत प्लस आणि मायनस ही भाषा त्याने १७४७ मध्ये आणली. कुठल्या बाजूला प्लस म्हणायचं हा निव्वळ अंदाज होता. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये आणि तेव्हा कळलं की तारेतून धावणारा कण मायनसवाला आहे. तोपर्यंत दीडशे वर्षांची पुस्तकं छापून झाली होती! चार्ज आणि बॅटरी हे शब्द विजेसाठी रूढ झाले तेही त्याच्यामुळेच.

मग एका सुट्टीत मी त्याचं आत्मचरित्र वाचलं, आणि त्यानंतर त्याच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. छापखाना, वर्तमानपत्र, टपाल खातं, विजेचं शास्त्र, निवडणूक, दोन देशांमधली बोलणी, सगळं या एका माणसाच्या हातून गेलं. राजकारण, मीडिया आणि टेक्नॉलॉजी यांची जी खिचडी आपण रोज मोबाइलवर खातो, ती त्याने अडीचशे वर्षांपूर्वी स्वतः शिजवली होती. आणि त्याच माणसाकडे एक छोटी वही होती, ज्यात तो रोज रात्री स्वतःच्या चुका मांडायचा. मला बोलायचंय ते या वहीबद्दल, आणि त्या वहीत न मावलेल्या गोष्टींबद्दल.

(या लेखात मी त्याला अरे-तुरे करतेय. सतरा वर्षांचा असताना घरातून पळालेल्या पोराला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही. मोठ्यांनी समजून घ्यावं.)

खिळे जुळवणारा पोरगा

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, बोस्टनचा. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण तयार करायचे. दोन लग्नांची मिळून सतरा मुलं, त्यातला हा पंधरावा. शाळा फक्त दोन वर्षं झाली आणि दहाव्या वर्षी संपली. बाराव्या वर्षी तो थोरला भाऊ जेम्सच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. एकवीस वर्षांचा होईपर्यंत भावाकडेच राबायचं, असा लेखी करार होता.

तिथे तो खिळे जुळवायला शिकला, आणि छापायला आलेलं वाचता वाचता लिहायलाही. हॉस्टेलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. सोळाव्या वर्षी त्याने मांसाहार सोडला आणि भावाला म्हणाला की माझ्या जेवणाचे जेवढे पैसे भरतोस त्याचे निम्मे मला दे, मी माझं बघतो. त्या निम्म्यातलेही निम्मे वाचवून तो पुस्तकं घ्यायचा. मेसचं बिल कमी करायची आयडिया आपल्या आधी तीनशे वर्षं कुणालातरी सुचली होती म्हणायची!

१७२१ मध्ये जेम्सने न्यू इंग्लंड कुरंट नावाचं वर्तमानपत्र काढलं. पुढच्या वर्षी त्यात सायलेन्स डूगुड नावाच्या एका मध्यमवयीन विधवेची पत्रं यायला लागली. एकूण चौदा पत्रं आली. बाई मोठी खट्याळ होती. एका पत्रात तिने हार्वर्ड कॉलेजची टर उडवली आहे. पैसेवाल्या घरची पोरं तिथे जातात आणि बाहेर पडताना फक्त गर्व घेऊन येतात, असा तिचा रोख. लोकांना ती फार आवडली. ही पत्रं रात्री छापखान्याच्या दाराखालून कोण सरकवतं ते मात्र जेम्सला कळेना. लिहिणारा सोळा वर्षांचा बेंजामिन होता. आजच्या भाषेत फेक अकाउंटच की हे. ते लक्षात ठेवा, कारण मुखवटा घालून लिहायची ही सवय त्याला शेवटपर्यंत राहिली.

सरकारवर टीका केली म्हणून १७२२ मध्ये जेम्सला तुरुंगात टाकलं. तेवढे दिवस पेपर या पोराने चालवला. पण भाऊ सुटून आला तरी भावाचा मार काही चुकेना. १७२३ मध्ये करार मोडून तो पळाला आणि फिलाडेल्फियाला पोचला. खिशात जेमतेम एक डॉलर आणि थोडी चिल्लर. तीन मोठे पाव घेतले, दोन काखेत मारले आणि तिसरा खात खात रस्त्याने निघाला. दारात उभी असलेली डेबोरा रीड नावाची मुलगी हे ध्यान बघत होती. तीच पुढे त्याची बायको झाली.

मधली दोन वर्षं लंडनमध्ये गेली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने मोठमोठी आश्वासनं देऊन त्याला तिकडे पाठवलं आणि शिफारसपत्रं काही दिलीच नाहीत. अठरा वर्षांचा मुलगा, परका देश, हातात काही नाही. पण काम येत होतं! लंडनच्या छापखान्यांत काम करून तो १७२६ मध्ये परत आला. १७२८ मध्ये भागीदारीत छापखाना आणि १७२९ मध्ये पेनसिल्व्हेनिया गॅझेट हे वर्तमानपत्र. तेवीस वर्षांचा संपादक. आपल्यातले काही जण त्या वयात अजून केटी सोडवत असतात.

तेरा ओळी, सात रकाने

आता वही. साधारण १७३० च्या सुमाराला त्याने ठरवलं की आपण निर्दोष व्हायचं. ऐकायला वेडेपणाच वाटतो, पण त्याने ते एखाद्या प्रयोगासारखं हाती घेतलं. मिताहार, कमी बोलणं, टापटीप, निश्चय, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, संयम, स्वच्छता, मनाची शांती, शुद्ध वर्तन असे बारा गुण काढले. यादी एका मित्राला दाखवली तर तो म्हणाला की लोक तुला गर्विष्ठ समजतात. मग तेरावा गुण आला, नम्रता.

वहीत लाल शाईने तक्ते आखले. आडव्या तेरा ओळी, उभे सात रकाने. रोज रात्री दिवस आठवायचा आणि जिथे चुकलं तिथे काळा ठिपका द्यायचा. दर आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष द्यायचं. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. तेरा चोक बावन्न, हिशेब बरोबर! जुने ठिपके खरवडून तीच वही पुन्हा वापरल्यामुळे कागदाला भोकं पडायला लागली. मग त्याने हस्तिदंताच्या पातळ पट्ट्या घेतल्या, ज्यावर पेन्सिलीचा ठिपका ओल्या स्पंजने पुसता येई. ही मला खरी इंजिनिअरची खूण वाटते. पहिलं मॉडेल फाटलं, मग मटेरियल बदललं.

रिझल्ट काय लागला? ठिपके अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. टापटीप त्याला कधीच जमली नाही. नम्रतेचं म्हणाल तर ती आपल्यात खरोखर आली की फक्त बोलण्यात आली, याची त्याला शेवटपर्यंत शंका होती. पण प्रयत्नांमुळे आपण आधीपेक्षा बरे झालो, असं म्हातारपणी त्याने लिहून ठेवलंय.

लॅबमध्ये काही जण आधी ग्राफ काढतात आणि मग रीडिंग त्यात बसवतात, हे आपल्या सर-मॅडमना आमच्यापेक्षा चांगलं माहिती आहे. फ्रँकलिनने स्वतःबद्दलचं रीडिंग आलं तसं लिहिलं. मॉरल सायन्सच्या तासाला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्यावर इतकी वर्षं चिडले नसते.

काय छापायचं, काय नाही

वही झाली, पण पेपर चालवणाऱ्याच्या चुका एकट्याच्या कुठे असतात! १७३१ मध्ये एका जाहिरातीवरून लोक त्याच्यावर भडकले, तेव्हा त्याने मुद्रकांच्या बाजूने एक लांब लेख लिहिला. मुद्रकाने फक्त स्वतःला पटलेलंच छापलं तर फारच थोडं छापलं जाईल, दोन्ही बाजू लोकांपुढे यायला हव्यात, असं त्याचं म्हणणं. पण एक रेघ त्याने आखली होती. कुणाची वैयक्तिक बदनामी गॅझेटमध्ये नाही. कुणी फारच मागे लागलं तर तो म्हणे की तुमचं मी वेगळं छापून देतो, वाटायचं तुम्ही स्वतः. माझ्या वाचकाने पैसे भरलेत ते उपयोगाचं वाचायला.

बातमीची किंमत काय असते हे त्याला घरात कळलं. ती गोष्ट जरा मागून सांगायला हवी. १७२१ मध्ये बोस्टनला देवीची साथ आली होती. जेनरची लस यायला अजून पंचाहत्तर वर्षं होती. तेव्हा उपाय एकच, देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा, म्हणजे रोग सौम्य येऊन जातो. यात धोका होताच. जेम्सच्या पेपरने या टोचणीविरुद्ध जोरदार आघाडी उघडली, आणि त्या पेपरचे खिळे पंधरा वर्षांचा बेंजामिन जुळवत होता. त्या साथीत बोस्टनमध्ये ८४४ माणसं गेली. म्हणजे ज्यांना रोग झाला त्यांच्यातला सातातला एक. टोचून घेतलेल्या सुमारे अडीचशे लोकांपैकी सहा दगावले, म्हणजे चाळिसातला एक.

फ्रँकलिन पुढे टोचणीच्या बाजूचा झाला. पण १७३६ मध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीनेच गेला, आणि त्याला टोचलेलं नव्हतं. गावात बोलबाला उलटा झाला की टोचल्यामुळे पोर गेलं. लोक घाबरून टोचून घेईनात. तेव्हा त्या बापाने स्वतःच्या पेपरमध्ये निवेदन छापलं की मुलाला टोचलेलं नव्हतं, रोग साथीतून आला होता. विचार करा, पोराला जाऊन जेमतेम पाच-सहा आठवडे झालेत आणि हा माणूस अफवा खोडायला खिळे जुळवतोय, कारण दुसऱ्याची पोरं वाचायला हवीत. त्या मुलाला टोचलं नाही याची खंत त्याने आत्मचरित्रातही लिहिली आहे. १७५९ मध्ये लंडनमध्ये त्याने टोचणीवरच्या एका पुस्तिकेला आकड्यांसकट प्रस्तावना लिहिली. ती पुस्तिका फुकट वाटली गेली.

इथे मला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या माहितीतल्या एका मुलीबद्दल हॉस्टेलच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरला. संध्याकाळी सातला आला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तीन हॉस्टेलांत पोचला. चार दिवसांनी तो बनावट असल्याचं सिद्ध झालं. खुलाशाचा मेसेज किती जणांनी पुढे पाठवला असेल? मला तरी तो दोनच ठिकाणी दिसला. ती मुलगी सेमिस्टर अर्धं टाकून घरी गेली. तो स्क्रीनशॉट पुढे ढकलणाऱ्यातला कुणीच स्वतःला संपादक समजत नव्हता. पण खिशात छापखाना घेऊन फिरणाऱ्याने गॅझेटची ती एक रेघ तरी पाळायला नको का?

छापलेलं लोकांपर्यंत नेणाऱ्या वाटेचाही त्याने विचार केला. तो नवा संपादक असताना फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर हा प्रतिस्पर्धी पेपरचा मालक होता, आणि त्याने टपालवाल्यांना गॅझेट न्यायची बंदी केली होती. फ्रँकलिनने त्यांना गुपचूप पैसे चारून काम भागवलं. १७३७ मध्ये तो स्वतः पोस्टमास्तर झाला आणि १७५३ मध्ये सगळ्या वसाहतींच्या टपालाचा प्रमुख. १७५८ मध्ये त्याने नियम केला की ठरलेला दर भरेल ते प्रत्येक वर्तमानपत्र टपालाने जाईल, मग ते कुणाचंही असो. आपल्याकडे २०१६ मध्ये ट्रायने नेट न्यूट्रॅलिटीचा निर्णय दिला तेव्हा भांडण याच मुद्द्याचं होतं. वाट ज्याच्या हातात, त्याने वाटसरू निवडायचे का?

वीज, आणि पेटंट न घेणं

१७४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, छापखाना भागीदार डेव्हिड हॉलच्या ताब्यात देऊन तो रोजच्या धंद्यातून मोकळा झाला. विजेचे प्रयोग आधीच सुरू होते. १७५० च्या डिसेंबरमध्ये टर्की पक्षी विजेने मारायच्या नादात लेडन जारचा झटका त्याने स्वतःच खाल्ला आणि शुद्ध हरपली. सेफ्टी रूल्स हे कशासाठी लिहिलेले असतात ते यावरून कळावं. १७५२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये त्याच्याच सूचनेप्रमाणे उंच दांडा उभारून ढगातली वीज उतरवली गेली, आणि पतंगाचा प्रयोग जूनमधला. पतंगावर वीज कोसळली हे खरं नाही. कोसळली असती तर गोष्ट सांगायला तो उरला नसता. ढगातला चार्ज ओल्या दोऱ्यातून किल्लीपर्यंत आला एवढंच. पुढच्याच वर्षी रशियात रिखमान नावाचा शास्त्रज्ञ अशाच प्रयोगात विजेने मेला.

विजेपासून घर वाचवायचा दांडा कसा लावायचा याची कृती फ्रँकलिनने १७५३ च्या आपल्या पंचांगात छापून टाकली. पुअर रिचर्ड नावाचं त्याचं हे पंचांग वर्षाला दहा हजारांच्या आसपास खपायचं. म्हणजे ज्याला पाहिजे त्याने लोहाराकडून करून घ्यावं. पेटंट नाही, रॉयल्टी नाही. त्याआधी त्याने कमी लाकडात जास्त ऊब देणारी शेगडी बसवली होती. तिच्यासाठी गव्हर्नर स्वतः पेटंट देत होता, तेही त्याने नाकारलं. त्याचं म्हणणं असं की दुसऱ्यांच्या शोधांचा आपण इतका फायदा घेतो, तर आपला शोध आपण मोकळेपणाने द्यावा. लंडनच्या एका लोखंड विकणाऱ्याने तिच्यात किरकोळ बदल करून पेटंट घेतलं आणि पैसा केला. फ्रँकलिन त्याच्याशी भांडायला गेला नाही. आपल्या प्रोजेक्ट गाईडना ही गोष्ट आवडेल की नाही सांगता येत नाही, पण ओपन सोर्सवाल्यांनी त्याचा फोटो लॅबमध्ये लावायला हरकत नाही.

गंमत म्हणजे या दांड्यातही राजकारण शिरलं. फ्रँकलिनच्या मते दांड्याचं टोक अणकुचीदार हवं. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर, १७७७ मध्ये, राजा तिसऱ्या जॉर्जने राजवाड्यावर बोथट टोकाचे दांडे लावून घेतले. अणकुचीदार टोक म्हणजे बंडखोरांचं ना! वीज काय राजाचा पक्ष बघून पडणार होती?

वहीत न मावलेलं

इथपर्यंत सगळं छान आहे, आणि शाळेच्या पुस्तकात हे इथेच संपतं. पण गॅझेटचे जुने अंक उघडले की त्यात गुलाम विकायच्या जाहिराती आहेत. पळालेला गुलाम पकडून द्या, बक्षीस मिळेल, अशाही आहेत. जो मुलगा सतराव्या वर्षी स्वतः करार मोडून पळाला, त्याच्याच पेपरला या जाहिरातींचे पैसे मिळत होते. त्याच छापखान्यात गुलामगिरीविरुद्धची पुस्तकंही छापली गेली, पण त्यांवर छापखान्याचं नाव नसायचं. त्याच्या घरीही गुलाम होते. १७५७ मध्ये लंडनला जाताना त्याने पीटर आणि किंग या दोघांना बरोबर नेलं. किंग तिथून पळून गेला. तेरा गुणांच्या यादीत न्याय आठवा होता. या गोष्टीसाठी त्या ओळीत कधी ठिपका पडला असेल का?

डेबोराचंही तसंच. दुकान तिने सांभाळलं, वह्यापुस्तकं शिवली, टपालाचं काम पाहिलं. १७६५ मध्ये स्टॅम्प टॅक्सवरून चिडलेला जमाव घरावर येणार अशी बातमी आली तेव्हा बंदुका आणून ती घरात ठाण मांडून बसली. नवरा लंडनला. तो १७६४ मध्ये गेला तो परत येईपर्यंत दहा वर्षं झाली होती आणि डिसेंबर १७७४ मध्ये डेबोरा वारली होती. मुलगा विल्यम राजाच्या बाजूने राहिला म्हणून बापाने त्याच्याशी संबंध तोडले, ते कधी नीट जुळलेच नाहीत. आत्मचरित्राची सुरुवात ज्या मुलाला उद्देशून केली, तो हाच.

आणि आता सर्वात बोचणारी गोष्ट. १७६३ च्या डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियात पॅक्स्टन भागातल्या गोऱ्या टोळक्याने कोनेस्टोगा जमातीच्या वीस निरपराध इंडियन लोकांना मारलं. त्यात बायका होत्या, मुलं होती. फ्रँकलिनने लगेच पुस्तिका लिहून मारणाऱ्यांचा धिक्कार केला. एका इंडियनने गुन्हा केला म्हणून सगळ्यांवर सूड उगवायचा हा कुठला न्याय, हा त्याचा मुद्दा होता. १७६४ ची निवडणूक तो हरला, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

तोच माणूस १७८२ मध्ये पॅरिसजवळ पासीला होता. इंग्लंडशी तहाची बोलणी जवळ आली होती. घरात छोटा छापखाना होता. त्यावर त्याने बोस्टनच्या एका खऱ्या वर्तमानपत्राची खोटी पुरवणी छापली. त्यात बातमी अशी की सेनेका इंडियनांनी शेतकऱ्यांच्या, बायकांच्या, लहान मुलांच्या डोक्यांची कातडी सोलून गठ्ठेच्या गठ्ठे इंग्लंडच्या राजाकडे पाठवलेत. खरी वाटावी म्हणून पुरवणीत जमीन विकणे आहे, घोडा हरवला आहे अशा जाहिरातीही घातल्या. हेतू एवढाच की इंग्लंडमधल्या लोकांना आपल्याच सरकारची लाज वाटावी. पुढे ही बातमी अमेरिकेत वर्षानुवर्षं खरी म्हणून परत परत छापली गेली, आणि त्याची किंमत इंग्लंडच्या राजाने नाही, इंडियन लोकांनी मोजली.

सायलेन्स डूगुडच्या मुखवट्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. हा मुखवटा वेगळा होता. सचोटीच्या ओळीत त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं की कुणाला इजा होईल असं कपट करायचं नाही. शहात्तर वर्षांचा, जगभर मान असलेला, स्वतःला पन्नास वर्षं तपासणारा माणूस देशासाठी म्हणून हे करून बसला. मला वाटतं भीती बाळगायची ती याची. स्वार्थासाठी खोटं बोलताना मन थोडं तरी टोचतं. आपल्या बाजूसाठी, आपल्या पक्षासाठी, आपल्या कॉलेजसाठी खोटं पुढे पाठवताना तेही टोचत नाही, उलट छाती फुगते. तिथे ठिपका द्यायचं सुचतच नाही.

शेवटची वर्षं

मग वहीचा उपयोग काय? हा प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता. उत्तर मला त्याच्या एका दुरुस्तीत सापडलं. १७५१ मध्ये लोकसंख्येवर लिहिलेल्या निबंधात त्याने गुलाम स्वभावानेच चोर असतो अशा अर्थाचं वाक्य लिहिलं होतं. १७६३ मध्ये फिलाडेल्फियात काळ्या मुलांची शाळा त्याने डोळ्यांनी पाहिली आणि या मुलांची बुद्धी गोऱ्या मुलांइतकीच आहे हे त्याला पटलं. १७६९ च्या आवृत्तीत ते वाक्य बदललं. आता अर्थ असा झाला की गुलामगिरीच अशी आहे की माणूस चोर होतो. शब्द थोडेच बदलले, दोष मात्र माणसावरून उचलून व्यवस्थेवर ठेवला.

१७८७ मध्ये एक्याऐंशीव्या वर्षी तो अमेरिकेच्या घटना परिषदेत बसला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये त्याच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे गेला की गुलामगिरी बंद करा. खूप गदारोळ झाला आणि शेवटी आम्हाला तसा अधिकार नाही म्हणून तो बाजूला ठेवला गेला. मार्चमध्ये अंथरुणाला खिळलेल्या या म्हाताऱ्याने पुन्हा एकदा मुखवटा चढवला. अल्जियर्सचा एक अधिकारी ख्रिश्चनांना गुलाम ठेवणं कसं योग्य आहे हे पटवून देतो, असं खोटं भाषण पेपरात छापायला दिलं. काँग्रेसमधल्या एका सभासदाचे मुद्दे जसेच्या तसे, फक्त गुलाम आणि मालक उलटे! यात फसवायचं कुणाला नव्हतं, लाज आणायची होती. त्यानंतर महिन्याच्या आत, १७ एप्रिल १७९० रोजी, तो गेला. सुमारे वीस हजार माणसं अंत्ययात्रेला होती.

मृत्युपत्रात बोस्टन आणि फिलाडेल्फियाला त्याने हजार-हजार पौंड ठेवले होते. पंचविशीच्या आतल्या होतकरू कारागिरांना धंदा सुरू करायला कर्ज द्यायचं, व्याज साठू द्यायचं आणि दोनशे वर्षांनी हिशेब करायचा. १९९० मध्ये बोस्टनचा निधी सुमारे पन्नास लाख डॉलरवर गेला होता. त्याच पैशातून १९०८ मध्ये बोस्टनला एक तांत्रिक शिक्षणाची शाळाही उभी राहिली. एज्युकेशन लोनचे हप्ते ज्यांच्या डोक्यावर आहेत त्यांना हे वाचून बरं वाटेल.

तेव्हा मित्रांनो, फ्रँकलिन संत नव्हता आणि त्याला तसं म्हणायची गरजही नाही. वहीने त्याला निर्दोष केलं नाही. पण मी चुकलो असेन, हे रोज स्वतःला विचारायची सवय लागलेला माणूस चौऱ्याऐंशीव्या वर्षीही बाजू बदलू शकला, आणि ज्या जाहिरातींवर पेपर चालला त्याच धंद्याविरुद्ध सही करू शकला. ज्यांनी असं कधी विचारलंच नाही, ते त्याच काँग्रेसमध्ये बसून त्याचा अर्ज हाणून पाडत होते.

तेरा गुण आपल्याला झेपणार नाहीत, मला तर नाहीच नाही. एक ओळ, सात रकाने. आज मी जे पुढे पाठवलं ते खरं आहे का ते पाहिलं का, आणि त्याने कुणाला इजा होईल का? जर्नलच्या शेवटच्या पानावर मावेल एवढंच आहे. फक्त आपल्या बाजूच्या मेसेजलाही ठिपका द्यायचा, ही अट.